वि. स. पागे : सभागृहातून मजुराच्या हक्काकडे

आमदाराच्या कारकीर्दीचे मोजमाप आपण सामान्यतः दोन गोष्टींवरून करतो. तो किती वेळा निवडून आला, ही एक. आणि तो मंत्री झाला की नाही, ही दुसरी. या दोन्ही मापांनी मोजू गेल्यास विठ्ठल सखाराम पागे यांच्या कारकीर्दीचे खरे महत्त्व हाती लागत नाही. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. म्हणजे कोणतेही खाते त्यांच्या हाताखाली नव्हते, की अंदाजपत्रकातील एक रुपयाही त्यांच्या सहीने खर्च होत नव्हता. असे असूनही ज्या योजनेने खेड्यातील मजुराला सरकारकडे काम मागण्याचा हक्क दिला, तिचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. हे कसे घडले, हे समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम सभापतीच्या आसनाविषयी दोन शब्द. आपल्या विधान परिषदेत ७८ सभासद असतात. सभासदाची मुदत सहा वर्षांची असून दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सभासद निवृत्त होतात. पैशासंबंधीचे विधेयक हे सभागृह चौदा दिवसांपलीकडे अडवू शकत नाही. त्यातही सभापतीने वादविवादात पडावयाचे नसते. दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच त्याने आपले मत द्यावयाचे. तेव्हा कायद्याने पाहता पागे यांच्याजवळ सत्ता अशी फारच थोडी होती. त्यांच्याजवळ होती ती एक कल्पना, ती वारंवार मांडण्याची चिकाटी, आणि पक्षभेद बाजूला ठेवून सर्वांनी ऐकून घ्यावे असा नैतिक अधिकार.

आता ती कल्पना काय होती ते पाहू. दुष्काळात सरकारने कामे काढावीत, ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळ-संहिता तयार केल्या आणि त्यानुसार खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे निघत. परंतु या पद्धतीत आरंभ सरकारकडून होई. पीक बुडाले, चौकशी झाली, दुष्काळ जाहीर झाला, म्हणजे मग काम निघावयाचे. पाऊस बरा झाला की काम बंद. मजुराचे पोट मात्र सरकारी जाहीरनाम्याची वाट पाहत नाही. कोरडवाहू मुलखातील भूमिहीनाला पेरणी, खुरपणी आणि सुगी एवढ्याच दिवसांत हाताला काम मिळते. उरलेले महिने चांगल्या सालातही रिकामे जातात. त्याच्या दृष्टीने दुष्काळ दरवर्षी येतो, फक्त त्याची नोंद कोठे होत नाही.

पागे यांनी हा क्रम उलटा केला. कामाचा आरंभ कलेक्टरच्या हुकमाने न होता मजुराच्या मागणीने व्हावा, असे त्यांचे म्हणणे. ज्याला अंगमेहनत करावयाची तयारी आहे त्याने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे. शिवाय ते काम निव्वळ पोट भरण्यापुरते नको. त्यातून पाझर तलाव, नालाबांध, शेताची बांधबंदिस्ती, रस्ते अशी कायमची मिळकत गावाच्या पदरी पडावी. भीक आणि मजुरी यांतील अंतर त्यांनी नेमके ओळखले होते.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ही कल्पना मनावर घेतली. १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला. पागे यांचे कार्यक्षेत्र याच भागातले, तेव्हा प्रयोगाचे यशापयश त्यांना आपल्याच माणसांत पाहावयाचे होते. पुढे १९७२ साली योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले, आणि त्याच सुमारास दुष्काळाने महाराष्ट्राला ग्रासले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे दर दहा माणसांमागे जवळजवळ एक माणूस घमेले आणि कुदळ घेऊन उभा होता! एवढा मोठा समाज काम मागतो आहे, हे राज्याने त्या वेळी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

पण पैसा कोठून आणावयाचा? शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा या कथेशी संबंध येतो तो येथे. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून घ्यावयाचा हा कर रोजगार हमीसाठी म्हणून बसविण्यात आला. त्याच्या जोडीला इतर काही कर आणि अधिभार आले, आणि जमेल तितकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. पगारपत्रकावर दरमहा कापली जाणारी ही छोटी रक्कम पुष्कळांना केवळ एक कटकट वाटते. तिच्यामागचा विचार मात्र असा की, नियमित मिळकत असणाऱ्याने अनियमित मिळकतीच्या माणसाचा थोडा भार उचलावा.

१९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचे विधेयक एकमताने मंजूर केले आणि २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्यात होते. भत्त्याची रक्कम क्षुल्लक होती, पण तत्त्व क्षुल्लक नव्हते. आजवर जी सरकारची कृपा होती, तिचे आता देणे झाले. स्त्री-पुरुषांना एकच दर असल्यामुळे बायकाही मोठ्या संख्येने या कामांवर आल्या.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी आठवडेच्या आठवडे अडकली, कित्येक कामे अर्धवट राहिली. निधीत पैसा शिल्लक असताना खेड्यात काम नाही, अशी तक्रारही पुढील काळात झाली. कायदा हक्क देतो. तो वसूल करून घेण्यास मात्र संघटना लागते. शेतमजुरांच्या संघटना जेथे जाग्या होत्या तेथे कामे निघाली. जेथे मागणाराच नव्हता तेथे कायदा कागदावर राहिला. मागणीवर उभारलेल्या योजनेचे हेच बळ, आणि तिचा कच्चा दुवाही हाच.

पागे १९९० साली निवर्तले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ साली, संसदेने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला. त्याची बैठक महाराष्ट्राच्या अनुभवावरच घातलेली होती. तासगावच्या माळावर सुरू झालेली गोष्ट अशी देशभर गेली.

राज्याच्या विधिमंडळातील सभासद काय करू शकतो, या प्रश्नाचे एक उत्तर या कारकीर्दीत आहे. रस्ता, पूल, बदली, शिफारस ही कामे आमदाराकडून आपण मागतो आणि त्यांत गैर काही नाही. परंतु ही कामे एकेका माणसाची किंवा एकेका गावाची असतात, आणि ती मागणाऱ्याला दर वेळी कोणाच्या तरी दारी उभे राहावे लागते. पागे यांनी केलेले काम निराळ्या जातीचे होते. त्यामुळे मजुराला शिफारशीची गरज राहू नये, अशी व्यवस्था झाली. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी येईल तेव्हा, आमच्यासाठी काय आणाल, या प्रश्नाबरोबरच आणखी एक प्रश्न त्याला विचारावा : कोणती गोष्ट तुम्ही आम्हाला मागावी लागू नये अशी करून ठेवणार आहात?