भिशीतलं द्विशतक

मैत्रिणींनो, तुमच्या भिशीत काय काय चालतं हो? आमच्याकडे पूर्वी सगळीकडे चालतं तेच चालायचं. चिठ्ठी काढायची, पोहे खायचे, आणि चहाबरोबर सिलिंडरचा दर, कामवालीचे खाडे आणि कुणाच्या तरी सुनेचं माहेर. शेवटी आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या मावशी एकदा वैतागल्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई त्या! म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून प्रत्येकीनं एक अशी गोष्ट आणायची, जी बाकीच्यांना ठाऊक नाही. सिनेमातली आणा, खेळातली आणा, इतिहासातली आणा. शेजारणीबद्दलची चालणार नाही."

वर त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. गोष्ट, साल आणि 'कुठून कळलं'. साल सांगता आलं नाही तर गोष्ट बाद!

पहिल्या महिन्यात आम्ही सगळ्याजणी परीक्षेला बसल्यासारख्या बसलो होतो. पण मग गंमत वाटायला लागली. एकीनं सांगितलं की बॅडमिंटनचं एक जुनं नाव 'पूना' असं होतं, कारण १८७३ च्या सुमारास आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम बसवले. दुसरीनं छातीठोकपणे सांगितलं, हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ. तिची गोष्ट बाद झाली, कारण असा कोणताही खेळ ठरवलेलाच नाही, हे २०१२ साली खुद्द सरकारनंच माहितीच्या अधिकाराखाली सांगितलंय. बिचारी दोन दिवस मुलाच्या शाळेच्या पुस्तकाला नावं ठेवत होती.

मला स्वतःला आवडली ती फाळक्यांची गोष्ट. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती कोणी केली? अण्णा साळुंके नावाच्या गृहस्थांनी! उपाहारगृहात काम करणारा माणूस, दादासाहेबांनी हेरला आणि नेसवलं त्याला लुगडं. सिनेमात काम करायला त्या वेळी कुणी बाई तयारच होईना. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. म्हणजे सीताहरण झालं तेव्हा विरहही स्वतःचा स्वतःलाच! १९१३ मध्येच 'मोहिनी भस्मासुर'साठी मात्र दुर्गाबाई कामत पुढे आल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी कमला. तीच पुढे कमलाबाई गोखले झाली, आपल्या विक्रम गोखल्यांची आजी. आणि १९१९ साली 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पुरुष सीता आणि मुलगी कृष्ण! हे ऐकल्यावर मावशींनी कधी नव्हे ते पोहे दुसऱ्यांदा घेतले.

असं करता करता वही भरत गेली. लताबाईंनी 'आनंदघन' या नावानं मराठी चित्रपटांना संगीत दिलं, १९६५ चा 'साधी माणसं' त्यातलाच, हे बहुतेकींना माहीत होतं. पण डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव शुक्रावरच्या एका विवराला दिलंय, हे कुणालाच माहीत नव्हतं. शुक्रावरच्या विवरांना बायकांचीच नावं देतात म्हणे. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेली आणि जेमतेम एकविसाव्या वर्षी गेलेली आपली पोर, आणि तिचं नाव कुठं जाऊन बसलंय बघा!

आता मुद्द्याचं सांगते. आमच्यात एक मैत्रीण आहे, तिला आम्ही 'मुंबईवाली' म्हणतो. लग्न होऊन इथं येऊन तिला पंचवीस वर्षं झाली, तरी नाव तेच. बोलणं अगदी बेताचं. वहीत तिच्या नावावर दीड वर्षात दोनच गोष्टी, त्याही नवऱ्याकडून ऐकलेल्या. कारण भावोजी म्हणजे क्रिकेटचा चालताबोलता कोश! कुठल्या सामन्यात कोण कितीव्या चेंडूवर बाद, सगळं तोंडपाठ.

गेल्या वर्षीची २ नोव्हेंबर आठवते ना? रविवार, कार्तिकी एकादशी, आणि नवी मुंबईत आपल्या मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी. सगळ्या घरांनी मिळून आमच्याकडे पाहायचं ठरलं. मी साबुदाण्याची खिचडी आणि भगर-आमटी केली होती. आणि पाऊस! सामना तीनला सुरू व्हायचा, तो पाचपर्यंत लांबला. मग तेवढ्या वेळात भावोजींनी प्रश्नमंजूषा सुरू केली. पडद्यावरच्या पंचानं बाद दिलेला पहिला फलंदाज कोण? सचिन, १९९२, डर्बन. पदार्पणाआधी सचिन पाकिस्तानकडून मैदानात कधी उतरला होता? १९८७, मुंबईच्या ब्रेबॉर्नवर, बदली क्षेत्ररक्षक म्हणून. पुरुषमंडळी खूश.

मग त्यांनी विचारलं, "एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातलं पहिलं द्विशतक कुणाचं?"

"सचिन!" चारपाच आवाज एकदम. २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००.

तेवढ्यात खिचडीची ताटली हातात घेऊन दारात उभी असलेली आमची मुंबईवाली म्हणाली, "नाही हो, त्याच्या आधी एका बाईनं केलंय. ऑस्ट्रेलियाच्या. आमच्या वांद्र्यालाच. डेन्मार्कविरुद्ध."

"डेन्मार्क?" भावोजींना हसू आवरेना. "डेन्मार्कच्या बायका क्रिकेट खेळतात? आणि तेही वांद्र्याला? अगं, तू कुठली तरी गल्लीतली मॅच पाहिली असशील!"

खोलीभर हशा पिकला. खोटं कशाला बोलू, मीही हसले. डेन्मार्क हा शब्दच असा आला की हसू फुटलं. ती काही बोलली नाही. ताटली ठेवली आणि आत गेली. त्या रात्री आपल्या मुलींनी बावन्न धावांनी विश्वचषक जिंकला, सांगलीच्या स्मृतीच्या नावानं आमच्या गल्लीत फटाके वाजले, आणि ही आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून माझी भांडी घासत होती. "राहू दे गं, चल बाहेर," म्हटलं, तर म्हणाली, "आलेच." आली नाही.

त्यानंतर ती भिशीलाही आली नाही. पैसे मुलीच्या हाती पाठवले. डिसेंबरातही तेच. "बरं नाही," एवढाच निरोप.

मला चैन पडेना. एक दिवस मुलाला बसवलं आणि म्हटलं, शोध बाबा, खरंखोटं काय ते. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. १६ डिसेंबर १९९७. महिलांचा विश्वचषक भारतात चालू होता. वांद्र्याच्या मिडल इन्कम ग्रुपच्या मैदानावर, म्हणजे आपल्या एमआयजीच्या, ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिनं १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा केल्या. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४१२. आणि समोरचा संघ? डेन्मार्क! सगळे मिळून ४९ धावांत बाद. सचिनच्या द्विशतकाच्या बारा वर्षं आधीची ही गोष्ट. त्यातही पाहा, सचिन लहानाचा मोठा झाला ती साहित्य सहवास वसाहत या मैदानापासून हाकेच्या अंतरावर.

मुलानं आणखी एक दाखवलं. क्रिकेटचा पहिला विश्वचषकच मुळी बायकांचा! १९७३ साली, इंग्लंडमध्ये. पुरुषांचा झाला १९७५ मध्ये. आपण मात्र बायकांनी पुरुषांचं पाहून बॅट हातात घेतली, असं समजून चालतो.

हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं, डब्यात थोडे बेसनाचे लाडू घेतले, आणि गेले तिच्याकडे. कागद हातात दिला. तिनं उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्चीवर बसली.

"म्हणजे मी खरंच पाहिलं होतं," ती म्हणाली.

मग हळूहळू बोलली. तेव्हा ती कॉलेजात होती. घर तिथंच, सरकारी वसाहतीत. दुपारी घरी परतताना मैदानात बायका खेळताना दिसल्या म्हणून कुंपणाशी थांबली. गर्दी नव्हती, गलका नव्हता. एक बाई आपली मारतेय, मारतेय, थकतच नाही. दोनशे झाल्याचं बाजूच्या कुणीतरी सांगितलं. घरी जाऊन वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, बायकांच्या खेळात काय मोजायचं! दुसऱ्या दिवशी तिनं घरी येणारं वर्तमानपत्र चाळलं, तिला त्यात काही सापडलं नाही. पुढे २०१० मध्ये ग्वाल्हेरच्या रात्री सगळं घर नाचत होतं, 'जगात पहिलं' म्हणून. तेव्हा तिला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं लक्षात ठेवलं असेल. "स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला गं माझा," म्हणाली. "आणि त्या दिवशी तुम्ही सगळ्या हसलात."

मी काय बोलणार? माफी मागितली. लाडूचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

भावोजी संध्याकाळी आले, तेव्हा मी मुद्दाम थांबले होते. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "पण हे बायकांचं..." असं म्हणाले आणि गप्प झाले. एकदिवसीय, आंतरराष्ट्रीय, विश्वचषकातला सामना. त्यांच्याच प्रश्नात सगळं बसत होतं. त्या माणसाचं एक मला आवडलं, आकड्याशी ते बेइमानी करत नाहीत. बायकोला म्हणाले, "प्रश्न विचारताना मी 'पुरुषांच्या' असं म्हणायला हवं होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि तू इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. पण तिच्यामागून ते स्वयंपाकघरात गेले. मैदानाची कोणती बाजू होती, बाई उजवी खेळायची की डावी, टोपी होती का, असं काहीबाही विचारताना बाहेर ऐकू येत होतं. मी चहाला न थांबता चप्पल घातली.

जानेवारीची भिशी संक्रांतीच्या आठवड्यात आली. मुंबईवाली तिळाच्या वड्या घेऊन हजर! तिची पाळी आल्यावर तिनं बेलिंडा क्लार्कची गोष्ट सांगितली, १५५ चेंडूंसकट. मावशींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "साल?"

"१९९७. तारीख १६ डिसेंबर, मंगळवार."

मावशींनी वहीत लिहिलं. मग पेन 'कुठून कळलं' या रकान्यावर नेलं. आजवर तिथं कुणाच्या मुलाचा फोन, कुणाचं वर्तमानपत्र, कुणाचे 'हे' असंच लिहिलेलं होतं. मावशींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'स्वतः पाहिलं'.