वाळूच्या गाळणीत प्लास्टिक अडकतं का?

सांगली कृष्णेचं पाणी पिते, सातारा कास आणि उरमोडीचं. नळाला येण्याआधी हे पाणी गाळलं जातं. पण ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोप्लास्टिक. त्यातले कपड्यांचे धागे तर जेमतेम काही मायक्रॉन जाडीचे. जलद गाळणीतली वाळू असते साधारण अर्धा मिलिमीटरची. तिच्या फटींतून असे कण सहज निसटतील!

खरं काम आधीच तुरटी करते. तुरटीमुळे गाळाचे कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात, प्लास्टिकही त्यात गुरफटतं. बरेच पुंजके टाकीत तळाला बसतात, उरलेले वाळू धरते. म्हणजे तुरटीचं प्रमाण चुकलं की गाळणीही लंगडी.

याउलट मंद गाळणीत पाणी तासाला १०-२० सेंटिमीटरच उतरतं. वाळू बारीक, वर जिवाणूंचा बुळबुळीत साका. तोच बारीक कण धरून ठेवतो. लंडनच्या चेल्सी भागात १८२९ मध्येच ही पद्धत सुरू झाली. मात्र तिला जागा ऐसपैस लागते आणि पावसाळ्यातल्या कृष्णेच्या गढूळ पाण्याने ती लगेच तुंबते.

दुर्लक्षित मुद्दा वेगळाच. जलद गाळणीतली वाळू उलट्या प्रवाहाने धुतात, तेव्हा अडकलेलं प्लास्टिक त्या पाण्यात उतरतं. ते पाणी नदीत सोडलं, तर पुढच्या गावाच्या वाट्याला तेच.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, मायक्रोप्लास्टिकची मर्यादाच दिलेली नाही.