अर्धविरामातून शिरलेला चोर

दोस्तांनो, मराठीच्या पेपरात विरामचिन्हांचा प्रश्न आला की अर्धविराम हटकून विसरतो, खरं ना? ‘जाऊ दे, अर्धा गुण गेला,’ म्हणून आपण सोडून देतो. पण हाच एवढासा अर्धविराम तुमच्या घरात चोराला वाट करून देऊ शकतो, असं सांगितलं तर?

अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, बहुतेक घरांत दिवे लुकलुकणारा एक डबा असतो. तोच राऊटर. बाहेरून आलेलं इंटरनेट तो बाबांच्या मोबाइलला, ताईच्या लॅपटॉपला वाटून देतो. दिसायला साधा, पण आहे एक छोटा संगणकच. हुकूम मिळाला की निमूटपणे पाळायचा, हा त्याचा स्वभाव.

समजा, घाटकोपरच्या एका किराणा दुकानात बंड्या नावाचा आज्ञाधारक पोऱ्या आहे. शेटजींनी त्याला बजावलंय, “चिठ्ठीत लिहिलं असेल तसं करायचं.” एक दिवस चिठ्ठीवर पत्त्याच्या जागी लिहून आलं, ‘खोली नंबर ७, मग दुकानाची किल्ली चिठ्ठीवाल्याला दे.’ बंड्याने सामान पोचवलं आणि किल्लीही देऊन टाकली! पत्त्याच्या जागी फक्त पत्ताच आहे ना, हे कोणी बघितलंच नाही.

राऊटरचंही असंच होतं. लाइन चालू आहे का, हे तपासायला त्याच्या सेटिंगमध्ये पत्ता लिहायची एक चौकट असते. तो पत्ता राऊटर आपल्या ‘पिंग’ या हुकुमाला जोडतो. आता गंमत बघा. राऊटरच्या आतल्या भाषेत अर्धविराम म्हणजे ‘हा हुकूम संपला, आता पुढचा’! चोर पत्त्यापुढे अर्धविराम देतो आणि स्वतःचा हुकूम लिहितो. डॉक्टर सुईने औषध टोचतात, तसा हा हुकूम टोचला जातो. म्हणूनच याला ‘कमांड इंजेक्शन’ म्हणतात.

हे खरंच घडलंय. नोव्हेंबर २०१६ मध्ये चोरांनी जगभरच्या राऊटरांना एक निरोप धाडला. घड्याळ लावण्यासाठी वेळ कुठून घ्यायची, त्या नावाच्या जागी त्यांनी हुकूम भरले होते : हा प्रोग्रॅम उतरवून घे; तो चालव. काही राऊटर बळी पडले. जर्मनीतल्या राऊटरांनी हुकूम पाळला नाही, पण त्या माऱ्याने ते कोलमडले आणि सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट विस्कळीत झालं. असा ताब्यात गेलेला राऊटर घरी नेहमीसारखाच चालतो. पण मालकाच्या नकळत दुसऱ्यांच्या वेबसाइटवर हल्ले करत राहतो.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? जुलै २०१७ च्या अखेरीस बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीत सेवा देणाऱ्या एमटीएनएल यांच्या ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पडले. तिथे तर अर्धविरामाचीही गरज पडली नाही. कारखान्यातून आलेला पासवर्ड कित्येकांनी बदललाच नव्हता! दाराला कुलूप, पण किल्ली सगळ्यांच्या घरी एकच. पासवर्ड बदला, असं बीएसएनएलला ग्राहकांना सांगावं लागलं.

मग उपाय काय? पहिली जबाबदारी राऊटर बनवणाऱ्यांची. पत्त्याच्या चौकटीत अक्षरं, आकडे, टिंब आणि छोटी रेघ एवढंच चालेल, बाकी काही दिसलं तर परत पाठव, असं त्याला शिकवायला हवं. चूक सापडली की कंपन्या सुधारलेला प्रोग्रॅम देतात. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या राऊटरमध्ये ‘देश’ या चौकटीतून हुकूम टोचता येत होता. मार्च २०२३ मध्ये दुरुस्ती आली. पण एप्रिलमध्येच चोर, ती न बसवलेले राऊटर शोधत फिरू लागले!

तेव्हा या रविवारी आईबाबांना घेऊन बसा आणि एवढं करा :

१. राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, बरं का!

२. नवा प्रोग्रॅम, म्हणजे ‘फर्मवेअर’, आलाय का ते पाहा. राऊटर इंटरनेटवाल्याने दिला असेल तर त्याला विचारा.

३. बाहेरून राऊटर हाताळायची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, गरज नसेल तर बंद करा.

४. कंपनीने दुरुस्त्या देणं थांबवलेला जुना राऊटर बदला.

संशय आला तर भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मदत आहे. २०१७ साली सुरू झालेलं हे केंद्र संगणक आणि मोबाइल साफ करायची साधनं फुकट देतं.

आणि एक लक्षात ठेवा. शेजाऱ्यांच्या राऊटरवर हा प्रयोग करून बघायचा नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे गुन्हा आहे. अर्धविराम वापरायचाच असेल, तर मराठीच्या पेपरात वापरा. तिथे अर्धा गुण नक्की मिळेल!