मंदीत आलेला परदेशाचा करार

पिंपरी-चिंचवडच्या शाळांत मंदीची बातमी वर्तमानपत्राच्या आधी पोहोचते. फीचा हप्ता पुढे ढकलण्याचे अर्ज वाढतात, सहलीच्या यादीतून नावे गळतात आणि एरवी पालकसभेला कधी न दिसणारे वडील भर दुपारी येऊन बाकावर बसतात. कंपनीने सुट्टी दिलेली असते. २०१९ च्या पावसाळ्यात आम्ही शिक्षकांनी हे सारे पाहिले.

त्या वर्षीच्या मंदीची कारणे एकात एक गुंतलेली होती. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था अडचणीत आली आणि गाड्यांसाठी कर्ज देणाऱ्या संस्थांनी हात आखडता घेतला. मालट्रकने किती भार वाहावा याची मर्यादा त्याच वर्षी वाढली होती, त्यामुळे नव्या ट्रकची मागणी घटली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिने सक्तीची होणार म्हणून गिऱ्हाईकही थांबून राहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत ३१ टक्क्यांहून अधिक घसरली. टाटा मोटर्स, महिंद्र यांसारख्या कंपन्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले. 'ब्लॉक क्लोजर' हा शब्द भोसरीपासून म्हाळुंगेपर्यंत घराघरांत पोहोचला. मोठा कारखाना चार दिवस थांबला की त्याला सुटे भाग पुरवणारा लहान वर्कशॉप पंधरा दिवस थांबतो. आधी ओव्हरटाइम जातो, मग ठेकेदाराकडची माणसे जातात.

नेमक्या अशा दिवसांत परदेशातील कामाचा निरोप येतो. आपल्या समाजात हा रस्ता नवा नाही. रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरे आखाती देशांच्या कमाईवर उभी राहिली. त्यामुळे चाकणच्या एखाद्या ऑपरेटरला दम्मामहून चुलतभावाचा फोन आला की घरात उमेद येते. अम्मी म्हणतात, "रोजी मिळेल आणि उमराही घडेल." ही इच्छा नेक आहे. पण रोजीचा निर्णय इच्छेच्या जोडीला हिशेबही मागतो.

आमच्याकडे असे करार वाचायला येतात, कारण आम्ही उर्दू शिकवतो. "सर, अरबीच आहे, तुम्हाला वाचता येईल," असे पालक म्हणतात. अक्षरे आम्हाला वाचता येतात, कायद्याची अरबी कळत नाही, हे आम्ही प्रत्येकाला आधीच सांगतो. हे सांगणे महत्त्वाचे आहे, कारण सौदी अरेबियात कराराच्या दोन भाषांत फरक निघाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. इंग्रजी पानावर पगार एक आणि अरबी पानावर दुसरा असेल तर फसगत तिथेच सुरू होते. दोन्ही पानांवरील आकडे तरी घरी बसून जुळवून पाहावेत, आणि अरबी भाषेच्या जाणकाराकडून मजकूर समजून घ्यावा. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरात आहे. तीच शिस्त नोकरीच्या कराराला का लावू नये?

त्या वर्षी आमच्या ओळखीच्या दोन घरांपुढे हा प्रश्न एकाच महिन्यात आला. दोघेही चाकण भागात काम करणारे, दोघांनाही दोन वर्षांचा करार, पगार महिना १,८०० रियाल, राहण्याची सोय कंपनीची.

पहिल्या घरातील भाभींनी वहीत हिशेब मांडला. रियालचा भाव १९ रुपये धरला तर पगार ३४,२०० रुपये. जेवण, फोन आणि किरकोळ खर्चाचे ५०० रियाल वजा केले की उरले २४,७००. एजंट ९०,००० रुपये मागत होता आणि ते उसने काढावे लागणार होते. त्याची फेड चोवीस महिन्यांत विभागली तर महिना ३,७५०. हातात राहिले २०,९५०. मंदीतही इथे १६,००० येत होते. घरात जेवायला एक माणूस कमी होणार, पण मुलांना शाळेत सोडायला रिक्षा लावावी लागणार. त्या दोन रकमा एकमेकींत वजा झाल्या. म्हणजे घरापासून दूर राहण्याचा मोबदला महिना ४,९५० रुपये, दोन वर्षांत १,१८,८००.

मग त्यांनी नवऱ्याला विचारले, "आणि दोन महिने पगार थांबला तर?" दोन पगार म्हणजे ६८,४०० रुपये. ते बुडाले तर दोन वर्षांची शिल्लक ५०,४०० वर येत होती. सासऱ्यांना मधुमेह, थोरली मुलगी नववीत. शिवाय नवऱ्याची भविष्य निर्वाह निधीत नऊ वर्षे झालेली आणि पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. त्या घराने नकार कळवला आणि पुढचे आठ महिने ओढाताणीत काढले. सहलीला ती मुलगी आली नाही, हेही खरे.

दुसऱ्या घराने होकार दिला. तो पालक वेल्डर होता, हातात कामाचे प्रमाणपत्र होते, धाकटा भाऊ त्याच घरात राहत होता. त्याची ठेकेदाराकडची नोकरी आधीच सुटली होती, त्यामुळे इथल्या बाजूला १६,००० नव्हते, शून्य होते. त्याने ९०,००० मागणाऱ्याला सोडून परवानाधारक एजंट शोधला. त्यात दीड महिना गेला, पण कर्ज काढावे लागले नाही. एकाच पगाराच्या दोन करारांवर दोन घरांनी वेगवेगळी उत्तरे दिली आणि दोन्ही उत्तरे आम्हाला योग्य वाटतात, कारण दोन्ही आपापल्या घरच्या हिशेबातून आलेली होती.

एजंटच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी कामगार पाठवणाऱ्याला सरकारी परवाना लागतो आणि तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. पैसे देताना पावती घ्यावी. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ, असे कोणी म्हणाले तर तिथेच बोलणे थांबवावे.

दहावी पास झालेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर'ची नोंद असते आणि आखाती देशांसह १८ देशांत कामाला जाताना त्याला उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. त्या वेळी कराराची तपासणी होते आणि दहा लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. दहावी पास माणसाला या मंजुरीतून सूट आहे. सूट मिळाली म्हणून आपण खूश होतो, पण त्याच्या कागदांची ती तपासणीही होत नाही. शिकलेल्याने आपली तपासणी आपणच करायची असते.

सौदी कायद्यानुसार भरतीचा आणि इकाम्याचा खर्च, तसेच करार संपल्यावर परतीचे तिकीट मालकाकडे असते. कामाचे तास दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पासपोर्ट कामगाराजवळच राहायला हवा. कुटुंबाला पुढे बोलावून घेऊ, असा विचार करणाऱ्यांनी तेथील शुल्क पाहावे. जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे महिना १०० रियाल द्यावे लागू लागले आणि ते टप्प्याटप्प्याने वाढून २०२० मध्ये ४०० झाले. बायको आणि दोन मुले म्हणजे महिना १,२०० रियाल. १,८०० च्या पगारात ते बसत नाही.

मंदी फक्त चाकणला येते असेही नाही. २०१४ च्या मध्यात तेलाचा भाव पिंपाला शंभर डॉलरच्या वर होता, २०१६ च्या जानेवारीत तो तिसाच्या खाली गेला. सौदीतील बांधकाम कंपन्यांची बिले अडकली आणि हजारो भारतीय कामगार महिनोन् महिने पगाराविना छावण्यांत अडकून पडले. जेद्दाहच्या भारतीय वकिलातीला त्यांच्या जेवणाची सोय करावी लागली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग तिकडे गेले. उलट, इथली कायम नोकरीही कायमची नसते. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, तेव्हा तेथील कामगारांना ते कळले. जोखीम दोन्हीकडे आहे. आपल्या घराला कोणती पेलते, एवढे पाहायचे.

वडील परदेशी गेलेली मुले आमच्या वर्गात असतात. त्यांच्या वह्या-गणवेशात सुधारणा दिसते. काही मुले जबाबदार होतात, काही बारा-तेराव्या वर्षी एकाएकी अबोल होतात. ज्या घरात निर्णय मुलांना समजावून सांगितलेला असतो, परतीचा महिना ठरलेला असतो आणि बँकेची, शाळेची कामे आईच्या हाती रीतसर दिलेली असतात, तिथे मुले लवकर सावरतात. जिथे एका रात्रीत बॅग भरली जाते, तिथे सावरायला वर्ष जाते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. इस्तिखारा करा, मशवराही करा आणि त्या मशवऱ्यात घरातील स्त्रीला पहिले स्थान द्या, कारण मागे राहून घर तीच चालवणार आहे. कराराची दोन्ही पाने, एजंटचा परवाना आणि घरचा हिशेब एकाच वेळी समोर ठेवा. एजंट "उद्यापर्यंत सांगा" म्हणाला तर त्याच्याकडे आठ दिवस मागा. आठ दिवसांत निघून जाणारी नोकरी गेली तर जाऊ द्या. रोजी देणारा अल्लाह आहे. कागद वाचण्याची मेहनत मात्र आपली आहे.