फ्यूज बॅटरीजवळच हवा

सौंसरला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि सरकारी परवान्यावर मी हौशी रेडिओही चालवतो. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, सौंसर त्यात गेलं. वीज मात्र आधीसारखीच जाते. म्हणून संच बॅटरीवर. 1993 च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाले निरोप पोहोचवायला धावले होते. असं काम करायचं तर संच बॅटरीवर चालायलाच हवा.

‘बारा व्होल्टला काय भ्यायचं, भाऊ?’ असं गिऱ्हाईक विचारतं. झटका बसत नाही, खरं आहे. पण 100 एएचच्या बॅटरीची दोन टोकं पान्याने जुळली, तर हजारावर अँपिअर वाहू शकतात. वायर पेटायला तेवढं पुरे.

फ्यूज मुळात वायर वाचवायला असतो. तो संचाजवळ बसवला आणि मधली वायर पत्र्याला घासून उघडी पडली, तर करंट फ्यूजपर्यंत जाणारच नाही. म्हणून मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरातच हवा. पुढे फ्यूज बॉक्समधून प्रत्येक संचाला वेगळी वायर, वेगळा फ्यूज. 100 वॉटचा एचएफ संच बोलताना 20-22 अँपिअर ओढतो, त्याला 25 चा. 50 वॉटच्या व्हीएचएफ संचाला बहुधा 15 चा. वायर फ्यूजच्या आकड्याला पुरून उरेल अशी घ्यावी.

जाड वायरचा आणखी एक फायदा आहे. बॅटरी 3 मीटरवर असली, तर जाऊन-येऊन वायर 6 मीटर होते. 20 अँपिअरला 2.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्यात सुमारे 0.9 व्होल्ट वाटेतच जातात, 6 स्क्वेअर एमएममध्ये 0.4. बॅटरी उतरली की हाच फरक नडतो.

घरातला एसी एमसीबी इथे लावू नका. एसीचा करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती तशी विझत नाही. आणि सैल जोडावर फ्यूजचा इलाज नाही: करंट वाढत नाही, जोड मात्र तापत राहतो. हात लावून बघा, गरम लागला तर नट आवळा.

फ्यूज उडाला की तिथे तांब्याची तार गुंडाळून ‘डायरेक्ट’ करणारे बरेच भेटतात. तसं करू नका. आधी शॉर्ट शोधा, मग त्याच आकड्याचा फ्यूज घाला.