बॉलरूममधलं श्रीरंगपट्टण

‘ब्रिजर्टन’चा दुसरा सीझन बघितला असेल, तर ते वाक्य तुमच्या कानांनी नक्की टिपलं असणार. लंडनच्या बड्या घराण्यांत नुकत्याच दाखल झालेल्या एडविना शर्माला काय काय येतं, याची यादी चालू असते आणि त्या यादीत चक्क मराठी येतं! आपण खूश. मग थोरली बहीण धाकटीला ‘बोन’ अशी बंगाली हाक मारते आणि आपण कपाळावर हात मारून घेतो.

तरीही मालिका आवडते, हे कबूल करूया. मग तसंच काहीतरी वाचायला शोधलं की एक अख्खं दालन उघडतं. रीजन्सी काळातलं लंडन, ड्यूक, नाच, चोरटी पत्रं आणि वर जादूची फोडणी. हिस्टॉरिकल फँटसी रोमान्स, असं भरभक्कम नाव आहे त्याला. ‘असलं काय वाचतेस?’ हे विचारणारं माणूस प्रत्येक घरात असतंच. आणि वाचणारा मुलगा असेल तर बघायलाच नको, तो बिचारा फोनवरच वाचतो, म्हणजे कव्हर दिसायला नको.

या दालनातलं एक पुस्तक मुद्दाम तुमच्या हातात द्यायचंय. झेन चो या मलेशियात जन्मलेल्या लेखिकेची २०१५ मध्ये आलेली कादंबरी, ‘सॉर्सरर टू द क्राउन’.

गोष्ट अशी. नेपोलियनशी युद्ध चालू असलेलं इंग्लंड. तिथे जादू हा सभ्य पुरुषांचा प्रतिष्ठित व्यवसाय आहे, वकिलीसारखा. पण जादू आटत चाललीय आणि सगळे खापर फोडतायत झकरायस वाइथवर. झकरायस राजदरबाराचा मुख्य जादूगार आहे, आणि तो काळा आहे. लहानपणी गुलाम होता. एका इंग्रज सरदाराने त्याला मुक्त करून मुलासारखं वाढवलं. आता तो सरदार मेलाय, पण त्याचं भूत झकरायसच्या मागे फिरत सल्ले देत असतं. (ही भूतबाबांची पात्रयोजना भन्नाट आहे.) झकरायस कायम शांत, कायम नम्र. कारण ज्याला प्रत्येक खोलीत ‘हा इथे कसा?’ या नजरेला तोंड द्यावं लागतं, त्याला चिडणं परवडत नाही.

आणि दुसरी प्रुनेला जंटलमन. वडील इंग्रज, आई भारतीय, दोघंही नाहीत. ती वाढते ती मुलींच्या एका शाळेत. या शाळेत जादू अंगात असलेल्या सुखवस्तू घरच्या मुली येतात आणि त्यांना काय शिकवतात, तर जादू कशी करायची नाही ते! बायकांच्या नाजूक शरीराला जादू झेपत नाही म्हणे. गंमत म्हणजे स्वयंपाकघरातल्या मोलकरणीने भांडी घासायला दोन मंत्र टाकले तर कुणाला काही वाटत नाही. नाजूकपणा फक्त वरच्या वर्गातल्या शरीरांना.

मग माळ्यावर प्रुनेलाला वडिलांची जुनी पेटी सापडते. आत सात खडे. खडे कसले, फॅमिलिअरची अंडी ती! फॅमिलिअर म्हणजे जादूगाराच्या पदरी राहणारा परीलोकातला जीव. इंग्लंडमध्ये तेव्हा असे जीव दुर्मीळ झालेत आणि हिच्या हातात एकदम सात. म्हणजे देशातल्या सगळ्या जादूगारांनी हेवा करावा असा ऐवज. आणि एवढा ऐवज हातात आल्यावर प्रुनेला काय ठरवते? लंडनला जायचं, सीझनमध्ये उतरायचं आणि श्रीमंत नवरा पटवायचा.

इथे पहिल्यांदा वाचताना वैताग येतो. अगं बाई, तुझ्याकडे सात अंडी आहेत, नवरा कशाला? पण मग त्या काळाचे नियम आठवा. इस्टेट आणि किताब जायचे थोरल्या मुलाकडे. लग्न झालं की बाईचा पैसा, कमाई, सगळं कायद्याने नवऱ्याचं. इंग्लंडमध्ये हे खऱ्या अर्थाने बदललं ते १८८२ च्या कायद्याने. म्हणजे आपण ज्याला ‘सीझन’ म्हणून चमचमतं बघतो, तो मुळात वधूवर मेळावा होता, फक्त झुंबरांखाली भरणारा. लंडनच्या ‘ऑलमॅक्स’ क्लबात बुधवारी नाच व्हायचे. आत कोणाला घ्यायचं हे मोजक्या उच्चकुलीन बायका ठरवायच्या. त्यांचा पास मिळाला नाही तर तुमचं स्थळ तिथेच बाद. आणि आत गेल्यावर पाहुणचार काय, तर सपक लेमोनेड आणि पातळ पावाला लोणी. आपले कांदेपोहे शंभर पटींनी बरे!

तेव्हा प्रुनेलाचा हिशेब मूर्खपणाचा नाही. मुलीच्या हाती सत्ता यायची तर लग्नाच्याच दारातून, हे तिने जग बघून शिकलेलं असतं. शेवटच्या वर्षाला असताना एकीकडे प्लेसमेंटचे फॉर्म आणि दुसरीकडे मामीने फोनवर पाठवलेला बायोडाटा, अशी अवस्था झालेल्या मैत्रिणी तुमच्याही वर्गात असतील. त्यांना ही प्रुनेला जरा जास्तच कळेल. तिच्यातली आणि झकरायसमधली खरी ओढाताण प्रेमाची नाहीच मुळी. तो नियम पाळून टिकलाय, आणि हिला नियम पाळायचे असतात ते फक्त ते मोडायची संधी मिळेपर्यंत.

पण या पुस्तकाने मला खरं पकडलं ते वेगळ्याच कारणाने. प्रुनेलाच्या आईचा माग काढत गेलं की तो पोचतो श्रीरंगपट्टणला. टिपू सुलतानाचं श्रीरंगपट्टण. ४ मे १७९९ ला इंग्रजांनी ते घेतलं, टिपू लढताना मारला गेला आणि शहर लुटलं गेलं. त्या लुटीतला टिपूचा प्रसिद्ध वाघ, इंग्रज शिपायाच्या नरड्यावर बसलेला लाकडी वाघ, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आता ती माळ्यावरची पेटी पुन्हा डोळ्यासमोर आणा.

आणि श्रीरंगपट्टण पडल्यावर त्याचा कारभार कोणाकडे दिला गेला? आर्थर वेलस्लीकडे. नाव ओळखीचं वाटतंय? २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा तोच. तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूचा हिरो झाला. त्याला एकदा ऑलमॅक्सच्या दारावरून परत पाठवलं होतं, असा किस्सा रंगवून सांगतात. रीजन्सीचा काळ १८११ ते १८२०. म्हणजे तिकडे वॉल्ट्झ चालू होते तेव्हा इकडे ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. शाळेत या दोन गोष्टी एका पानावर कधी आल्याच नाहीत.

झुंबरांचा पैसा कुठून यायचा, हाही प्रश्न मग सुटत नाही. कंपनी सरकारची कमाई आणि कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांनी पिकवलेली साखर. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, गुलामगिरी संपवण्याचा कायदा मात्र १८३३ मध्ये केला. आणि तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना. गुलामांना शून्य. आता झकरायसचा तो नम्रपणा परत वाचा. ज्याने मुक्त केलं त्याचे उपकार मानायचे, पण आईवडिलांपासून तुटलो ते विसरायचं कसं? हे तो ज्या संयमाने बोलतो ना, ते वाचताना पोटात कालवतं.

‘ब्रिजर्टन’मध्ये शर्मा बहिणी बॉलरूममध्ये येतात त्या सुंदर साड्यांच्या कापडासारख्या, नजर सुखावणाऱ्या. प्रुनेला येते ती हिशेब घेऊन. आणि कादंबरी हे सगळं भाषणबाजी न करता, हसवत सांगते. विनोद अगदी कोरडा, चहा पिता पिता चिमटा काढणारा.

खोट काढायची तर काढता येईल. मधल्या भागात पात्रांची जत्रा भरते. मलाय बेटावरची फटकळ चेटकीण माक गंगांग सोडली तर बाकीच्यांची नावं लक्षात ठेवायला कागद घेऊन बसावं लागतं. खलनायक पुठ्ठ्याचे आहेत. आणि रोमान्ससाठीच आला असाल तर सांगून ठेवते, प्रेम फार मंद आचेवर शिजतं. भाषाही जुन्या वळणाची, लांबलचक वाक्यांची. पहिली पन्नासेक पानं ‘हे काय चाललंय’ असं वाटेल.

तेवढी निभावून न्या. एका बैठकीत जमलं नाही तर बसमध्ये थोडी थोडी वाचा. २०१९ मध्ये ‘द ट्रू क्वीन’ हा पुढचा भागही आलाय, पण घाई नको. आधी प्रुनेलाबरोबर माळ्यावर चढा आणि ती पेटी उघडू द्या तिला.