कोरियातील शिळाथडगी

दक्षिण कोरियातल्या गांगह्वा बेटावर दोन उभ्या शिळांवर सहा मीटरहून लांब अशी एकच शिळा आडवी ठेवलेली आहे. टोकांच्या शिळा हरवल्यामुळे आता ती भल्यामोठ्या चौरंगासारखी दिसते. पण हे आहे थडगे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात कोरियन द्वीपकल्पात अशी हजारो थडगी, म्हणजे डोल्मेन, उभी राहिली. जगात इतरत्र कुठेही त्यांची एवढी दाटी नाही. गांगह्वा, गोचांग आणि ह्वासुन इथल्या थडग्यांना 2000 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

उत्तरेकडे मृताची कोठडी बहुधा जमिनीवरच उंच शिळांनी बांधलेली असते. दक्षिणेत ती जमिनीखाली असते आणि वर ठेंगण्या दगडांवर जाडजूड शिळा टेकवलेली दिसते. आत घासून गुळगुळीत केलेले दगडी खंजीर, लाल मातीची भांडी, क्वचित कांस्याची हत्यारे सापडतात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते ह्वासुन. तिथे डोंगरउतारावर शिळा काढल्याच्या खाणीही टिकून आहेत. चाकाची गाडी नसताना ही ओझी दोर, ओंडके आणि शेकडो हातांच्या बळावर हलली असावीत. एवढी माणसे एकत्र आणणारा समाज नक्कीच संघटित होता.